नऊ पायऱ्या, त्यांतली एक जळालेली

पायरी १. काम सुरू करण्यापूर्वी मार्करमधली हवा पूर्ण सोडून द्या. बॅटरी काढा. घाई करू नका.

हवा वेंडेल टर्पस्ट्रानं सोडली. बॅटरीही काढली. तिसरी सूचना पाळणं त्याला शक्य नव्हतं, कारण सामना बारा दिवसांवर आला होता आणि त्यातला रविवार मोजायचा नव्हता. ओव्हरवेलमध्ये रविवारी स्क्रू पिळणारा माणूस सोमवारी गावाच्या प्रार्थनेचा विषय होतो.

मार्कर म्हणजे हवेच्या दाबानं रंगाचे गोळे उडवायचं यंत्र. त्याला बंदूक म्हणायचं नाही. कुणी चुकून म्हणालंच, तर खेळणारा माणूस शांतपणे ‘मार्कर’ असं म्हणतो आणि समोरचा आपली चूक सुधारेपर्यंत वाट बघत उभा राहतो. नळी असलेली, चाप असलेली, सेकंदाला दोनशे ऐंशी फूट वेगानं गोळा सोडणारी वस्तू बंदूक नसते एवढं एकदा मान्य केलं, की पश्चिम मिशिगनमध्ये राहायला काहीच अडचण येत नाही.

वेंडेलचा मार्कर नऊ दिवसांपूर्वी, शनिवारच्या सरावात मेला. चाप ओढला की आत काहीतरी उसासा टाकायचं आणि गप्प बसायचं. आतली सर्किटची पट्टी जळाली होती. आता पट्टी जळाली यात माणसाचं एवढं काय जातं, असं कुणाला वाटेल. वेंडेलचं बरंच काही जात होतं.

ओव्हरवेलच्या चौकात समोरासमोर दोन चर्च आहेत. दोन्ही डच लोकांची, दोन्हींची विटांची बांधणी सारखी, दोन्हींची उपासना साडेनऊला. एकशे तीस वर्षांपूर्वी ते एकच चर्च होतं. ते कशावरून फुटलं हे आता कुणालाच नीट आठवत नाही, पण चूक समोरच्यांची होती हे दोन्ही बाजूंना पक्कं आठवतं. या प्रश्नाचा निकाल लावण्यासाठी दर ऑक्टोबरात सेलरीच्या जुन्या शेतामागच्या रानात दोन्हीकडची आठ-आठ पोक्त माणसं तोंडावर मुखवटे चढवून एकमेकांना रंगाचे गोळे मारतात. जिंकणाऱ्याला सोनेरी रंग दिलेला लाकडी बूट मिळतो. तो तीन वर्षं समोरच्यांच्या दारात, छत्र्यांच्या स्टँडशेजारी उभा होता, आणि त्यांनी तो मुद्दाम रस्त्यावरून दिसेल असा ठेवला होता.

वेंडेल एकोणीस वर्षं आठांमध्ये होता. कप्तान होता त्याच्या बायकोचा भाऊ, हार्लन बाऊस्मा. मार्कर मेला त्या दिवशी हार्लननं त्याला बाजूला घेतलं आणि खांद्यावर हात ठेवला. हार्लन खांद्यावर हात ठेवतो तेव्हा समजायचं की काहीतरी काढून घेणार आहे.

“हे बघ वेंडेल,” तो म्हणाला, “तू त्रेपन्नचा झालास. तुझे गुडघे वाजतात ते परवा झाडीच्या पलीकडे ऐकू आले. ते मी चालवून घेतलं. पण गुडघे वाजतात आणि मार्कर वाजत नाही, हे जरा उलटं झालं ना. यंदा तू सुपाचं टेबल सांभाळ. फक्त यंदा.”

सुपाचं टेबल मैदानाच्या कडेला असतं. वाटाण्याचं घट्ट सूप, हॅमचे पाव, आणि डाव घेऊन उभा एक माणूस. एल्मर नावाच्या गृहस्थांना तिथे ‘फक्त यंदा’ म्हणून पाठवलं होतं, त्याला नऊ वर्षं झाली. अजून ते वाढताहेत. मैदानातून टेबलाकडे वाट आहे, टेबलाकडून मैदानात नाही.

“शनिवारपर्यंत दुरुस्त करतो,” वेंडेल म्हणाला.

“कुठल्या शनिवारपर्यंत?”

“सामन्याच्या.”

“त्या दिवशी सकाळी मार्कर चालला तर खेळ,” हार्लन म्हणाला. “नाही चालला तर एल्मरकडून ॲप्रन घे.”

नवा मार्कर विकत घेणं हा एक मार्ग होता. तो ओव्हरवेलमध्ये कुणाला सुचला नाही. पावाच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या जिथे धुऊन दोरीवर वाळत घालतात, तिथे एका पट्टीपायी अख्खं यंत्र बदलणारा माणूस दिवाळखोर तरी असतो किंवा कॅलिफोर्नियाहून आलेला. वेंडेलनं टपालानं नुसती पट्टी मागवली. तिच्यासोबत मुंगीएवढ्या अक्षरात छापलेला सूचनांचा कागद आला. पायऱ्या नऊ.

पायरी २. मुठीचे दोन्ही स्क्रू काढा. सुट्या होणाऱ्या स्प्रिंगकडे लक्ष ठेवा.

वेंडेल ऑफिसच्या खुर्च्या बनवणाऱ्या कारखान्यात दर्जा तपासनीस होता. सत्तावीस वर्षं तो खुर्च्यांवर बसत होता आणि त्या नापास करत होता. एक चाक जरा अडखळलं, की खुर्ची परत. पाठ दोन अंश जास्त कलली, की परत. काठावर पास हा शेरा त्यानं आयुष्यात कुठल्याही खुर्चीला दिलेला नव्हता. त्यामुळे आपण तांत्रिक माणूस आहोत असा त्याचा समज होता, आणि इतक्या वर्षांत तो कुणी तपासलेला नव्हता.

स्प्रिंगकडे त्यानं लक्ष ठेवलं. इतकं एकाग्र लक्ष ठेवलं की ती उडाली, दिव्याला लागली आणि फ्रीजच्या दिशेनं गेली, हे सगळं त्याला स्वच्छ दिसलं. पुढचं दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी ती त्याची बायको आर्डिस हिनं हिरव्या जेलीच्या सॅलडमधून, किसलेल्या गाजराच्या शेजारून काढली. तिनं ती धुतली, पुसली आणि त्याच्या बशीच्या कडेला ठेवली. काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

बोलली ती त्याच संध्याकाळी, जेव्हा तारा जोडायची, सोल्डरिंगची तापलेली कांडी तिच्या आईच्या मेणकापडावर टेकली आणि त्यावरच्या पवनचक्कीचं एक पातं नाहीसं झालं.

“गॅरेज,” आर्डिस म्हणाली.

पायरी ३. हवेशीर जागी बसा. सोल्डरच्या धुरात श्वास घेऊ नका.

गॅरेज हवेशीर होतं, पण दार उघडं ठेवलं तर. आणि दार उघडं ठेवण्याबाबत तो राहत होता त्या मेपल हॉलो वसाहतीच्या घरमालक संघाचं काही म्हणणं होतं.

*प्रिय श्री. टर्पस्ट्रा, आपल्या घराच्या गॅरेजचं दार काल संध्याकाळी ६.१० ते ७.०२ उघडं असल्याचं निदर्शनास आलं. नियम १४ (ब) नुसार वाहन आत नेणे वा बाहेर काढणे एवढ्यासाठीच, व तेही सलग पंधरा मिनिटांहून अधिक नाही, दार उघडं ठेवता येतं. आतून निळसर धूर येत होता असंही निदर्शनास आलं. धुराविषयी स्वतंत्र पत्र पाठवत आहोत. आपली, नॉर्मा क्लूस्टर, सचिव.*

निदर्शनास कुणाच्या आलं ते पत्रात नव्हतं. सांगायची गरजही नव्हती. नॉर्मा क्लूस्टर रोज सहाला आपलं कुत्रं घेऊन निघायची. कुत्र्याला चार घरांपलीकडे जायची हौस नव्हती, पण नॉर्माला होती.

वेंडेल रीतसर वागणारा माणूस. त्यानं सवलतीसाठी फोन केला. नॉर्मानं सांगितलं की अर्ज क्रमांक सात भरा, कार्यकारिणी तिसऱ्या मंगळवारी बसते. तिसरा मंगळवार सामन्यानंतर होता. वेंडेलनं विचारलं, तोवर काय करू. नॉर्मा म्हणाली, तोवर पंधरा मिनिटं आहेत की.

मग सोल्डरिंग हप्त्यांनी सुरू झालं. दार वर. कांडी तापायला सात मिनिटं. आठ मिनिटं काम. दार खाली. तोवर कांडी थंड करायची, कारण बंद गॅरेजात धूर नको. मग नियमाप्रमाणे गाडी बाहेर काढायची, आत घ्यायची, म्हणजे दार उघडण्याला कारण मिळतं. एका संध्याकाळी त्यानं गाडी नऊ वेळा बाहेर काढली. समोरच्या घरातल्या माणसानं आर्डिसला हळूच विचारलं की वेंडेलचं घरी सगळं ठीक आहे ना, तो निघून जायचा प्रयत्न करतोय असं वाटतं.

शेजारचे कॉर्नी स्लेंक हे सगळं खुर्ची टाकून बघत होते. वय अठ्ठ्याहत्तर. चाळीस वर्षं नळजोडणी केलेली. अर्ध्या तालुक्याचं सांडपाणी त्यांच्या हातच्या जोडांतून वाहतं. चौथ्या हप्त्याला ते उठून आत आले, चष्मा कपाळावर सारला आणि पट्टीवरचे वेंडेलनं दिलेले जोड पाहिले.

“बाळा, हे काय आहे?”

“सोल्डर आहे, कॉर्नी.”

“हे सोल्डर नाही. हे पक्ष्यानं केलंय.” त्यांनी कागदासोबत आलेलं बारीक तारेचं रीळ बोटांनी उचललं. “आणि हा भरतकामाचा दोरा कुणी दिला तुला?”

वेंडेलनं सांगितलं की नाजूक काम आहे, म्हणून सोल्डर बारीक. कॉर्नी म्हणाले की सोल्डर म्हणजे सोल्डर. तांब्याला तांबं चिकटवायचं, त्यात नाजूक काय. ते घरी गेले आणि एक चपटा डबा घेऊन आले. डब्यावरचं लेबल गेलेलं होतं, आत तपकिरी पेस्ट होती, आणि झाकण उघडताच वेंडेलच्या डोळ्यांत पाणी आलं.

“हिचं नुसतं बोट लाव,” कॉर्नी म्हणाले. “मग बघ कसं धावतं ते. ही लावलेला माझा एक जोड आजवर गळला नाही.”

पट्टीतून काही गळण्याचा प्रश्न नव्हता, हे त्या क्षणी दोघांच्याही लक्षात आलं नाही. वेंडेलनं पेस्ट लावली आणि कांडी टेकवली. सोल्डर लोण्यासारखं पसरलं, चकाकलं, तारेला बिलगून बसलं. सत्तावीस वर्षं नापास करणाऱ्या माणसाला इतकं देखणं काही आपल्या हातून होईल असं वाटलं नव्हतं. त्यानं भराभरा उरलेले सगळे जोड त्याच पेस्टनं पुन्हा दिले. कॉर्नी वर आणखी एक बोट लावत होते, उरायला नको म्हणून.

तेवढ्यात कुत्र्याच्या पट्ट्याची साखळी वाजली. सोळावं मिनिट लागलं होतं. वेंडेल दाराच्या कळीकडे धावला आणि धावताना कांडी हातातून खाली ठेवली. कागदावर.

पायरी ४.

(इथे कागदाला भोक आहे. कडा तपकिरी.)

पायरी ५. लाल तार आणि काळी तार आकृतीत दाखवल्याप्रमाणे जोडा. ‘डोळा’ पुढच्या बाजूला येईल असा बसवा.

आकृती भोकाच्या पाठीमागे होती.

डोळा म्हणजे नळीच्या तोंडाशी बसणारा वाटाण्याएवढा काचेचा तुकडा. गोळा आला की नाही ते तो बघतो आणि आला असेल तरच यंत्राला गोळा सोडू देतो. वेंडेलनं तो उलटा बसवला. परिणामी मार्कर रिकामा असताना उत्साहानं हवा सोडायचा आणि गोळा आला की संकोचून गप्प व्हायचा. वेंडेलच्या कारखान्यात अशी दोन माणसं होती, त्यामुळे त्याला हा बिघाड ओळखू आला. डोळा फिरवला, प्रश्न सुटला. एवढं एकच काम या सगळ्या प्रकरणात पहिल्या फटक्यात झालं आणि त्याचा त्याला फाजील आत्मविश्वास आला.

पायरी ६. सुरक्षित जागी गोळा उडवून चाचणी घ्या. स्थानिक नियम पाहा.

स्थानिक नियम पाहायला त्यानं कामाच्या ठिकाणाहून, जेवणाच्या सुट्टीत, तालुका कचेरीला फोन लावला. घराच्या आवारात उडवलं तर चालेल का, एवढाच प्रश्न. पलीकडच्या बाईंनी विचारलं, बंदूक आहे का. वेंडेलनं सवयीनं ‘मार्कर’ असं म्हटलं आणि वाट बघत राहिला.

ही त्याची चूक झाली. बंदूक असती तर एका वाक्यात ‘नाही’ म्हणून बाई मोकळ्या झाल्या असत्या. बंदूक नाही म्हटल्यावर ती काय आहे हे ठरवणं आलं. बाईंनी विचारलं, त्यातून काय निघतं. रंग. किती लांब जातो? दीडशे फूट. मग हे रंगाची फवारणी या सदरात येतं, असं त्यांनी पानं उलटत सांगितलं, आणि इमारतींच्या बाह्य रंगाची फवारणी असेल तर त्यासाठी आपल्या घरमालक संघाची परवानगी लागते. संघाच्या सचिवांचं नाव हवंय का?

वेंडेलनं नको म्हटलं.

चाचणी त्यानं गॅरेजातच घेतली. समोर जुनी गोधडी टांगली, बाजूची खिडकी श्वासापुरती उघडली, चाप ओढला. मार्कर बोलला. एकदा ओढला, एक गोळा. दोनदा ओढला, दोन. आनंदाच्या भरात तो नेम न धरता ओढत राहिला. त्यातला एक गोळा गोधडीला न जुमानता खिडकीतून गेला आणि कॉर्नी स्लेंक यांच्या घराच्या भिंतीवर फुटला. मेपल हॉलोत भिंतींना सहा रंग मंजूर आहेत, सहाही वाळूचे. नारिंगी त्यांत नाही.

कॉर्नी म्हणाले, त्यात काय, पाण्यानं जातो. तो जातोच. पण जायच्या आत नॉर्माचं कुत्रं तिथून गेलं होतं.

*प्रिय श्री. टर्पस्ट्रा, शेजाऱ्याच्या भिंतीचा रंग बदलण्यापूर्वी आपण अर्ज क्रमांक अकरा भरलेला दिसत नाही. कृपया इच्छित छटेचे तीन नमुने सादर करावेत.*

आर्डिसनं हे पत्र फ्रीजवर लावलं. शेजारी आधीची दोन होतीच.

पायरी ७. चाप दाबून धरा. दिवा जितक्या वेळा लुकलुकेल तितकी रीत निवडली जाते. रीत क्र. १ : एक ओढ, एक गोळा.

रविवार. रविवारी काही करायचं नाही, म्हणून वेंडेल चर्चमध्ये बसून चाप ओढायची तर्जनी तेवढी हलवत होता. प्रवचनाच्या तिसऱ्या मुद्द्याला आर्डिसनं नेहमीप्रमाणे पेपरमिंट पुढे केली आणि त्याचं बोट धरून ठेवलं.

“काय होईल फार तर?” ती कुजबुजली. “सूप वाढशील.”

“एल्मर नऊ वर्षं वाढताहेत.”

“त्यांना आवडतं.”

“आवडतं नाही, आर्डिस. त्यांना आता कुणी विचारत नाही.”

मग तिनं त्याला आणखी एक पेपरमिंट दिली, जी खरं तर चौथ्या मुद्द्यासाठी राखून ठेवलेली होती. आणि सोमवारी संध्याकाळी न बोलावता ती गॅरेजात आली, थंडीत स्टुलावर बसली आणि दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजलं. एक. मार्कर दोघांनी मिळून नीट पुसून पिशवीत ठेवला.

पायरी ८. मैदानावर वेग मोजून घ्या. मर्यादा : सेकंदाला दोनशे ऐंशी फूट.

शनिवारी सकाळी दाट धुकं होतं. गवत ओलं, झाडं ओली, मुखवट्यांच्या काचा ओल्या. वेग मोजायचं यंत्र घेऊन दोन्हीकडचे मिळून एकच पंच उभे होते, गेरिट झाइलस्ट्रा. वय एक्याऐंशी. दोन्ही चर्चच्या निम्म्या माणसांना त्यांनी सहावीत गणित शिकवलं होतं आणि उरलेल्या निम्म्यांना नापास केलं होतं.

“दोनशे एकोणऐंशी,” ते म्हणाले. “एक उरला, टर्पस्ट्रा.”

“हो, सर.”

हार्लननं मार्कर हातात घेतला, उलटसुलट केला आणि मान्य करायचं नसताना मान्य करणाऱ्या माणसासारखी मान डोलावली. वेंडेल आठांत उभा राहिला. सुपाच्या टेबलाकडे त्यानं बघितलंही नाही.

नियम सोपे. रानाच्या मधोमध एक झेंडा. तो जो संघ घेईल तो जिंकला. अंगावर गोळा फुटला आणि रंगाचा डाग पाव डॉलरच्या नाण्याहून मोठा झाला, की तो माणूस बाद. पण त्याला बाद दुसरं कुणी ठरवत नाही. त्यानं स्वतः हात वर करायचा, स्वतः ‘बाद’ म्हणायचं आणि स्वतः चालत बाहेर जायचं. डाग पुसून टाकून खेळत राहिलेला एक माणूस ओव्हरवेलमध्ये होऊन गेला. तो आता इंडियानात असतो.

शिट्टी झाली.

पायरी ४ (भोकात गेलेली, ज्यांच्याकडे कागद धड आहे त्यांना ती अशी वाचता येते). नळजोडणीची आम्लयुक्त पेस्ट कोणत्याही परिस्थितीत वापरू नका. ती जोड खात राहते आणि दमट हवेत तिच्यातून वीज वाहते. मार्कर आपोआप सुरू होऊ शकतो आणि बंद होत नाही.

वेंडेल विजेच्या जाड तारेच्या, कमरेएवढ्या उंच रिकाम्या लाकडी रिळामागे जाऊन बसला. गुडघे वाजले. त्यानं मार्कर उचलला. चापाला बोट लागायचं होतं. लागलं नाही, हे तो पुढे प्रत्येकाला सांगत राहिला, आणि ते खरं आहे.

मार्कर सुरू झाला. एक ओढ, एक गोळा ही रीत त्यानं सोडून दिली होती. ओढीशिवाय, सेकंदाला अठरा या हिशोबानं तो बोलू लागला. वेंडेलनं बंद करायचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. पट्टीला त्यात रस नव्हता. समोर माणसं होती, मागे आपलीच माणसं होती, आणि सदोष माल माणसांपासून दूर ठेवायचा एवढं एकच त्याला कारखान्यात शिकवलेलं होतं. त्यानं मार्कर दोन्ही हातांनी डोक्यावर धरला, नळी आकाशाकडे, आणि उभा राहिला. अकरा सेकंदांत दोनशे गोळे धुक्यात वर गेले.

मग गोळे संपले.

शिट्टीनंतर मिनिटभरात झाडाझाडांमागून पंधरा माणसं उभी राहिली. समोरच्यांना वाटलं, बाऊस्मानं यंदा काहीतरी नवीन आणलंय. बाऊस्माला वाटलं, समोरच्यांनी आणलंय. सगळ्यांनी वर बघितलं, आणि बघत राहिले.

वर गेलेल्या गोळ्यांतले पुष्कळसे पालापाचोळ्यात पडून नुसते उसळले. उरलेले पंधरा जणांना पुरले. पहिला हार्लनच्या मुखवट्यावर, बरोबर मध्यभागी फुटला. “बाद,” हार्लन म्हणाला, अत्यंत थंड आवाजात. मग रानभर, एकामागून एक, धुक्यात हात वर होत गेले. बाद. बाद. इथेही बाद.

आता इतर कुठल्याही गावात माणसं हसली असती आणि घरी गेली असती. ओव्हरवेलमध्ये समोरच्यांचा कप्तान रोलंड पोस्मा यानं हात वर ठेवूनच प्रश्न काढला, की नेम कुणीच धरलेला नसताना वरून पडलेला गोळा मोजायचा का. हार्लन म्हणाला, वरून जे पडतं ते ठरल्याप्रमाणेच पडतं. पोस्मा म्हणाला, म्हणजे मग माणसाच्या इच्छेला काही अर्थच नाही का. कुणीतरी म्हणालं, अरे, बहुतेक याच्यावरूनच आपण फुटलो होतो. पंधरा माणसं वीस मिनिटं हात वर करून, नारिंगी झालेल्या मुखवट्यांनी यावर बोलत होती, आणि हात खाली कुणी करेना, कारण केला तर तो खेळात परतल्यासारखं झालं असतं.

शेवटी झाइलस्ट्रा सरांनी शिट्टी वाजवली. “रंग फुटला की बाद,” ते म्हणाले. “पाठवला कुणी हे मैदानात विचारायचं नाही, उद्या साडेनऊला विचारा.”

पंधरा बाद. उभा एकच, वेंडेल टर्पस्ट्रा. वाऱ्यानं गोळे बाजूला नेले होते आणि तो आपल्याच पावसाबाहेर राहिला होता. समोर चाळीस पावलांवर झेंडा. हार्लननं मैदानाच्या कडेवरून कुजबुजीच्या नावाखाली ओरडून सांगितलं, “वेंडेल, जा. झेंडा घे. पुढची दहा वर्षं तू आठांत.”

वेंडेल चालू लागला. विसाव्या पावलावर त्याला मानेमागे, कॉलरच्या आत, काहीतरी ओलं लागलं. घाम असेल. धुकं असेल. आपल्याला आपली मान दिसत नाही, हे किती बरं आहे, असं त्याला वाटलं. आणखी तीन पावलं तो चालला. मग थांबला.

“सर,” तो म्हणाला, “जरा मान तपासता?”

हार्लननं डोक्याला हात लावला.

झाइलस्ट्रा आले. त्यांनी कॉलर खाली ओढली आणि बराच वेळ पाहिलं. नारिंगी डाग होता. नाण्याशी ताडून बघायला हवं होतं. त्यांनी नाणं मागितलं आणि सोळा डच माणसांनी एकदम आपल्याकडे नाणं नसल्याचं सांगितलं. शेवटी आर्डिसनं सुपाच्या टेबलावरच्या दानाच्या बरणीतून पाव डॉलर काढून आणला. सरांनी तो मानेला लावला. चष्मा बदलला. पुन्हा लावला.

“नाण्याएवढा आहे,” ते म्हणाले. “मोठा नाही, लहान नाही. मोठा असेल तर बाद, लहान असेल तर नाही, एवढं लिहिलंय. नाण्याएवढ्याचं काही लिहिलेलं नाही. तुझं तू ठरव, टर्पस्ट्रा.”

झेंडा सतरा पावलांवर होता. वेंडेलनं आर्डिसकडे बघितलं. ती नाणं पुसत होती. त्याला एकोणीस वर्षं आठवली, एल्मर आठवले, आणि मग त्याला काठावर आलेली प्रत्येक खुर्ची आठवली, जिच्यावर तो बसून उठला होता आणि जिच्या पाठीवर त्यानं लाल चिठ्ठी चिकटवली होती.

त्यानं हात वर केला.

“बाद,” तो म्हणाला.

पायरी ९. आता आपला मार्कर मैदानासाठी तयार आहे.

मैदानात कुणीच उरलं नव्हतं. शेवटचा माणूस झेंड्यापर्यंत पोचला नाही, म्हणून कुणीच जिंकलं नाही. सामन्याच्या बाविसाव्या वर्षी दोन्ही चर्च एकाच दिवशी हरली आणि इतकं ऐक्य त्यांच्यात याआधी कधी दिसलं नव्हतं. सगळे मुकाट्यानं सूप प्यायले. एल्मरनी वेंडेलला डावभर जास्त वाढलं.

हार्लन आणि पोस्मा मात्र पार्किंगमध्ये दहा मिनिटं बोलत उभे होते. हातवारे चालले होते. एकदा पोस्मानं वेंडेलच्या दिशेनं बोट दाखवलं, एकदा हार्लननं. वेंडेल गाडीत बसून काचेतून बघत होता आणि त्याचं सूप थंड होत होतं. शेवटी हार्लन आला आणि वाकून खिडकीशी टेकला. खांद्यावर हात ठेवला नाही.

“तुझी जागा पक्की,” तो म्हणाला. “पुढच्या वर्षी तू आठांत आहेस. दोन्ही संघांचं एकमत झालंय.”

“पण कुठल्या आठांत?” वेंडेलनं विचारलं.

“तिथेच अडलंय,” हार्लन म्हणाला. “दोन्हीकडून फार आग्रह चाललाय.”

तो निघून गेला. वेंडेल घरी जाईपर्यंत ताठ बसून गाडी चालवत होता. एकशे तीस वर्षांत ज्यांचं एकाही माणसावरून जमलं नाही, ती दोन चर्च आज आपल्यावरून वाद घालताहेत, असं तो तीनदा म्हणाला. सोमवारी हे कारखान्यात सांगायचं त्यानं ठरवून टाकलं. आर्डिसला पार्किंगमधलं बोलणं टेबलावरून शब्दन्शब्द ऐकू आलं होतं. कोण कुणाला “नाही, नाही, तुम्हीच ठेवा” म्हणत होतं, तेही.

“हो ना,” ती म्हणाली, आणि काच वर केली.